वाजत गेलो, वाजत येऊ

खोली भाड्यानं द्यायच्या आधी घरमालक काय विचारतो? लग्न झालं का, मटण-मच्छी चालते का, पाहुणे फार येतात का. आमच्या मालकांनी यातलं काहीएक विचारलं नाही. मी अंगणात ट्रंक टेकवली, तसे ते ओसरीवरून उठले, माझ्या छातीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "हं, म्हना. कबड्डी कबड्डी म्हना. मी थांबा म्हनेस्तवर दम तोडू नका."

आता बोला! मी सरकारी नोकर, ढोरांच्या दवाखान्यात नवाकोरा ड्रेसर म्हणून रुजू व्हायला आलेलो. एसटीची धूळ अजून नाकात होती. पण गावात दुसरी खोली नव्हती. म्हणालो. तोंड लाल होईस्तोवर म्हणालो. गोठ्यातल्या बैलानंही मान वर करून पाहिलं. शेवटी मालकांनी पंजा काढला. "दम हाय," ते म्हणाले, "मांड्या नाई. होतीन. भात खात जा." खोली मिळाली. भाड्याचं पुढं कधीतरी सावकाश ठरलं, आणि त्याच आठवड्यात मी गावच्या कबड्डी संघाचा डावा कोपरा झालो.

आणीबाणी उठली त्याच्या आगेमागेची ही गोष्ट. गाव एकोडीच्या अलीकडचं, धानाचं. मालकांची चांगली ओलिताची शेती होती, पण त्यांना मालक म्हणत ते शेतीमुळं नाही. ते स्वतःला संघाचे मालक समजत. गावात कबड्डीचं रीतसर मंडळ होतं, मंडळाला अध्यक्ष होते, अध्यक्षांना कडक इस्त्रीचा सदरा होता. पण पोट्टे ऐकायचे ते मालकांचं. पन्नाशी ओलांडलेला, काळा, ठेंगणा माणूस, गुडघ्यापर्यंत धोतर आणि गळ्यात दोरीनं बांधलेली शिट्टी. ही शिट्टी अंघोळीलाही निघत नसे. एका लग्नात वरपक्षाचा कोणी पाहुणा पंगतीत मध्येच घुसला, तर मालकांनी फुर्रकन शिट्टी मारून त्याला उठवलं. "बाद," म्हणाले. पाहुणा बिचारा खरंच उठला.

दिवाळीनंतर धान कापलं, मळणी उरकली की मालक आपली रस्त्यालगतची बांधी, म्हणजे धानाचं वाफ्यासारखं शेत, नांगरून घेत. तलावाचं पाणी सोडत, वर धानाचा कोंडा पसरत, चोपून सपाट करत. तिथंच आमचा सराव. दुसऱ्या कोणी त्यात लाखोळीची डाळ पेरून दोन पैसे केले असते. काकू, म्हणजे मालकांची बायको, दरवर्षी हेच म्हणायची. मालक दरवर्षी म्हणायचे, "लाखोळी काय, कोनीबी पेरते. मी गडी पेरून राहिलो." घरी आल्यावर आमच्या दातांतून कोंडा निघायचा.

ते स्वतः वाढले हुतूतूत. त्यांच्या जवानीत हाच शब्द होता, नियमही सैल होते. मग शहरातून छापील नियम आले, पंच आले, आणि चढाई करणाऱ्यानं 'कबड्डी' हेच म्हणायचं असं ठरलं. दुसरं काही तोंडातून निघालं तर चढाई फुकट, वर समोरच्याला एक गुण. मालकांनी तो नियम असा काही मनावर घेतला की बस्स. कोणा पोट्ट्याच्या तोंडून गमतीनंही हुतूतू निघालं तर त्याला तलावाला पळत फेरी. एकदा गावचे एक म्हातारे सरावाला येऊन बसले आणि कौतुकानं म्हणाले, "वा, हुतूतू रंगला." मालकांनी त्यांच्याकडं पाहिलं, शिट्टीकडं हात गेला, मग वयाचा मान राखून गप्प बसले.

पण खोटं कशाला बोलू, माझी खोली विहिरीला लागून होती. थंडीत सकाळी मालक विहिरीवर गार पाण्याची बादली डोक्यावर ओतत, आणि भिंतीपलीकडून मला स्वच्छ ऐकू येई, "हुतूतूतूतूतू..." मी एकदा चहा पिताना विचारलं, "मालक, सकाळी काय म्हणत होतात?"

"कुठं काय? थंडीनं दात वाजत होते."

"दात हुतूतू वाजतात?"

"तुमी ढोरं तपासा," ते म्हणाले. काकू पदराआड हसत होती.

संघात कोण्या मोहल्ल्याचा गडी आहे, हे विचारलेलं त्यांना खपत नसे. आमचा हुकमी चढाईवाला श्रावण बौद्ध मोहल्ल्यातला. सरावानंतर मालकांच्या ओसरीवर सगळे एका पंगतीला पेज आणि लाखोळीचं वरण ओरपायचे. मालकांच्या एका पाहुण्याला ते सोसलं नाही. त्यानं हळूच काहीतरी काढलं. मालकांनी आपली थाळी उचलली आणि श्रावणाच्या शेजारी जाऊन मांडी घातली. "तुमाले तिकडं जागा करून देतो," पाहुण्याला म्हणाले, "गोठ्यात. थ्या बैलाईले बी कोनासंग चालत नाई." पाहुणा जेवला नाही आणि परत कधी आला नाही. मालकांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

ज्या साली आम्ही लाखनीची ढाल जिंकली, त्या सालचं काय सांगू! लाखनीची स्पर्धा म्हणजे आमच्या भागातली मोठी. हायवेवर ट्रकवाले गाड्या उभ्या करून टपावर बसून सामने पाहायचे. श्रावण समोरच्यांच्या अंगणात शिरला की हात लावून कसा परत यायचा, हे मला शेजारी उभं राहूनही कधी कळलं नाही. उजव्या कोपऱ्यात देवाजी. त्याच्या पकडीत पाय सापडला की सुटका नाही. आम्ही ढाल घेऊन आलो तेव्हा गाव वेशीवर होतं. सुकरू बाजेवाल्याचा डफ, सनई, गुलाल, बायांच्या हातात आरतीची ताटं. तेव्हापासून मालकांनी रीत पाडली. संघ कुठंही खेळायला निघाला की सुकरूचा बाजा बैलबंडीत सोबत. निघताना वाजवायचं, येताना वाजवायचं. वाजत गेलो, वाजत येऊ. ढाल त्यांच्या ओसरीत टांगली होती, आणि दर शनिवारी ते तिला जवसाचं तेल लावून पुसत. मारुतीलाही इतकं तेल मिळत नव्हतं.

आणि पुढचं साल आलं. काय साल होतं ते, विचारू नका.

आधी श्रावण गेला. त्याला नागपूरला नोकरी लागली, आणि गाढव कबड्डीपायी नको म्हणायला निघाला होता. मालक त्याच्या घरी जाऊन ओरडले, "नोकरी सोडून कबड्डी खेळशीन तं तंगडी तोडीन." एसटीपर्यंत सुकरूचा बाजा लावून त्याला पोचवला. एसटी दिसेनाशी झाली तेव्हा मालक म्हणाले, "गेला आपला आधा संघ," आणि नाक शिंकरून बांधीवर निघून गेले.

उरलेल्या आम्हां शहाण्यांच्या डोक्यात हवा गेली होती, हेही सांगितलं पाहिजे. कोणी गॉगल घेतला, कोणी चड्डीला इस्त्री केली. सरावाला उशिरा येऊ लागले. आम्ही ढालवाले ना! पहिल्याच स्पर्धेत एका चिमुकल्या गावच्या पोट्ट्यांनी आमच्यावर लोण चढवला, म्हणजे आमचा आख्खा संघ बाद केला. एकदा नव्हे, दोनदा.

परत येताना गॉगल खिशात गेला. आमच्या गावाला जायला दोन वाटा. सरळ वाट बाजारचौकातून. आणि त्याआधी डावीकडं एक फाटा, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, गावाच्या मागून निघणारा. कोणाला दिसायचं नसेल तर ती वाट. बंडी देवाजी हाकत होता. फाट्याशी त्यानं बैल डावीकडं वळवले.

फुर्रर्र! शिट्टी.

"कुठी चालला बे?" मालक उभे राहिले.

"पाळीवरून जाऊ ना मालक. चौकात लोकं बसले असतीन."

"बसले असतीन तं बसले असतीन! आपन कोनाचे धान चोरले का? खेळलो, हारलो. सरळ घे. सुकरू, वाजव."

सुकरूनं डफ मांडीवर घेतला, पण हात उचलेना. "मालक, हारल्यावर काय वाजवतेत जी? मले ठाऊक नाई."

"जितल्यावर वाजवतेत थेच. हारल्यानं ताल बदलते का?"

झालं! आमची मान खाली आणि डफ कडाडतोय. चौकातल्या चहाच्या टपरीवरची माणसं धावत बाहेर आली. बाज्याच्या आवाजानं बायांना वाटलं, जिंकले. एक म्हातारी बाई घाईघाईनं आरतीचं ताट घेऊन दारात आली आणि विचारलं, "जितले का जी?"

"नाई," मालक म्हणाले. "हारले. ववाळा."

ती बाई गोंधळली. ताटाकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि मग तिनं खरंच ओवाळलं. मला तर वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं. मालक मात्र छाती काढून उभे, कपाळाला कुंकू.

त्या हंगामात आम्ही जिथं गेलो तिथं हरलो. आणि प्रत्येक वेळी वाजत आलो. गावानं आधी हसून घेतलं, मग वैतागलं. टपरीवर आम्हाला नाव पडलं, हारलेल्याची वरात. लहान पोरं आमच्या बंडीमागं डबे बडवत पळत. मी दवाखान्यात म्हशीला इंजेक्शन द्यायला गेलो तर म्हशीचा मालक म्हणे, "सायेब, सुई तरी नेमकी लावजा." मी एकदा चिडून मालकांना म्हणालो, "पुरे झालं हे. लोक तोंडावर हसतात."

"हसू द्या. तोंडावर हसतेत ना? पाळीवरून गेलो असतो तं पाठीमागून हसले असते. मले तोंडावरचं चालते."

लाखनीची स्पर्धा जवळ आली तशी मंडळाची बैठक भरली. अध्यक्षांनी सदऱ्याची घडी नीट केली आणि सुरुवात केली. यंदा संघ पाठवू नये. गावाची फजिती पुरे झाली. ढाल फिरती, दरवर्षी परत द्यावी लागते, ती एसटीनं कोणाच्या हाती पाठवून देऊ.

मालक उठले. "ढाल गड्याईनं खेळून आनली. एसटीच्या टपावर टाकून पाठवाले थे काय मुरमुऱ्याचं पोतं हाय? ज्याईनं आनली थेच नेऊन देतीन. आन् देऊन खेळतीन."

"आणि हरले तर?" अध्यक्ष म्हणाले.

"तं वाजत येतीन."

"मग हेही ऐकून ठेवा. यंदा लाखनीला हरले तर मंडळ संघाला पुन्हा कुठं पाठवणार नाही. संघ बंद. हा तमाशाही बंद."

मालक आमच्याकडं वळले. मला वाटलं, भाषण करतील. ते एवढंच म्हणाले, "मंग जितू." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. ओसरीवर आल्यावर ते ढालीसमोर बराच वेळ तेलाची वाटी घेऊन बसले होते, आणि तेल लावायचं विसरले होते. संघ गेला तर या माणसाजवळ काय उरेल, ते मला तेव्हा कळलं.

लाखनीत ढाल मंचावर नेऊन ठेवली ती वाजवत. पहिलाच सामना आमचा, वैनगंगेपलीकडच्या एका संघाशी. आणि मैदानात उतरायच्या आधी देवाजीचा गुडघा गेला. आधीच दुखत होता, ढोरांचं मलम लावून मीच तो चालता ठेवला होता. त्या सकाळी त्याला पाय टेकवेना. आम्ही उरलो सहा. पंच म्हणाले, सहा जण खेळा, चालेल.

"सहा कायले?" मालक म्हणाले. त्यांनी धोतराचा काच्या मारला, शिट्टी गळ्यातून काढून देवाजीच्या हाती दिली आणि मैदानाची माती कपाळाला लावली. ट्रकवाले हसले, शिट्ट्या मारू लागले. कोणी ओरडलं, "बुढाजी, घरी जा, भात जळून राहिला!"

ते म्हातारं खेळलं हो! खोटं वाटेल, पण समोरच्यांचा सगळ्यात दांडगा चढाईवाला मालकांनी कमरेला मिठी मारून असा पाडला की ट्रकवाले हसायचे थांबले. आम्ही बाकीचेही पेटलो. इस्त्रीच्या चड्ड्या मातीत लोळल्या. सामना संपत आला तेव्हा गुण सारखे, आमच्या बाजूला मी आणि मालक दोघंच उरलेले, आणि शेवटची चढाई आमची.

मी पुढं झालो. मालकांनी मला कोपरानं मागं सारलं.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." ते गेले. एकाला हात लागला, तेवढ्यात दुसऱ्यानं पाय धरला. दोघं अंगावर पडले. मालक मातीत पालथे, पण हात पुढं. वीतवीत सरकत होते मधल्या रेषेकडं. मी रेषेवर गुडघे टेकून ओरडत होतो. छातीवर दोन गड्यांचं ओझं, तोंडात माती, आणि त्या मातीतून मला ऐकू आलं. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडून रोज यायचं ते.

"हुतूतूतूतू..."

हात रेषेला लागला. आमची पोरं नाचत आत घुसली. आणि पंचाची शिट्टी वाजली. पंच बिचारा तरणा पोरगा होता, वाकून कान देऊन बसला होता. त्याचाही चेहरा उतरला. त्यानं समोरच्या संघाकडं हात दाखवला. चढाई फुकट. एक गुण त्यांना. आम्ही हरलो.

देवाजी लंगडत पंचावर धावून गेला. मालकांनी उठून त्याला धरलं. "पंच बराबर हाय," ते म्हणाले. देवाजीच्या हातातून शिट्टी घेतली, पण गळ्यात घातली नाही. खिशात टाकली.

बंडीत ते मागच्या बाजूला, पाय खाली सोडून बसले. वाटेत पाणी दिलं, घेतलं नाही. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मालक, चांगले खेळलो आज." ते म्हणाले, "ज्या शब्दापायी तुमाले तलावाले पळवलो, थोच माह्या तोंडात आला. मीच बुडवला संघ." माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, मग मी बैलांकडं बघत बसलो.

सांजेला फाटा आला. दुखऱ्या गुडघ्यानं देवाजीच बंडी हाकत होता. मागून मालकांचा आवाज आला, एकदम लहान.

"देवाजी, पाळीवरून घे."

देवाजीनं बैल थांबवले. सुकरूनं डफ मांडीखाली सरकवला होता.

"आयकलं नाई का? पाळीवरून घे म्हनतो."

"नाई घेत," देवाजी म्हणाला.

"काय म्हनला?"

"नाई घेत म्हनलो. सालभर आमाले चौकातून नेलं. आमच्या चुकीनं हारलो तं चौकातून, आन् तुमच्या चुकीनं हारलो तं पाळीवरून? हे नाई चालत जी." त्यानं बैलांच्या पाठीवर हात मारला. बंडी सरळ निघाली. "मालक, वाजत गेलो, वाजत येऊ. सुकरू, वाजव ना बे! का आता तुले बी सांगा लागते?"

सुकरूनं असा डफ बडवला की तसा ढाल आणली तेव्हाही बडवला नव्हता. मालक उतरू लागले. मी त्यांचा दंड धरला. डाव्या कोपऱ्याची पकड होती माझी, त्यांनीच शिकवलेली. सुटली नाही.

चौक भरलेला होता. अध्यक्ष टपरीपुढं उभेच होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "हारलो!" आम्ही सगळे एकदम ओरडलो, जणू मोठा पराक्रम करून आलो होतो. पोरं डबे बडवत मागं लागली, आणि या वेळी मला त्यांचा राग आला नाही. अध्यक्ष काहीतरी म्हणत होते, डफात ऐकू आलं नाही.

घरापुढं काकू ताट घेऊन उभी होती. तिनं मालकांच्या तोंडाकडं पाहिलं.

"जितले का?"

मालक खिशातली शिट्टी चाचपत राहिले. देवाजी बंडीवरून म्हणाला, "हारले, काकू. ववाळा."

काकूनं आम्हां सगळ्यांना ओवाळलं, शेवटी मालकांसमोर आली. ते खाली मान घालून म्हणाले, "माह्यापायी हारले. तोंडातून हुतूतू निघालं."

"मले काय सांगता," काकू म्हणाली. "लगन झालं तवापासून रोज सकाळी थेच आयकून राहिली. डोकं वाकवा."

आधी सुकरू हसला. मग देवाजी. मग सगळा रस्ताच हसला, आणि डोकं वाकवलेल्या मालकांचे खांदे हलताना दिसले. हसत होते की रडत होते, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, गळ्यात घातली आणि अशी फुंकली की बैल दचकले. "मंडळ नाई पाठवत तं नको पाठवू," ते चौकाकडं तोंड करून ओरडले. "बंडी माही, बैल माहे, बांधी माही. पोट्टे हो, उद्या सकाळी सरावाले!"

दुसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची होती. मी पांघरुणातच होतो. विहिरीवर बादली उतरल्याचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा. मी कान दिला. आणि मग दात कडकडत, अडखळत, पण एक-एक अक्षर चावून, भिंतीपलीकडून आलं:

"क-कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."